बंदरात फक्त चार तास!

इन्स्टावर एक रील हमखास दिसतं. मागे निळंशार पाणी, डोंगरावर पांढरी घरं, पुढे गॉगल लावलेला आपल्याच भागातला एखादा पोरगा आणि खाली ओळ : 'पगारही मिळतो, जगही फिरतो'. कमेंटमध्ये गावाकडची गर्दी. 'काय भो, मजा आहे तुझी!' 'दादा, आमचंही काम लाव ना.' क्रूझवर नोकरी करत युरोप बघायचं स्वप्न आता मुंबई, वसई, गोव्यापुरतं राहिलेलं नाही. ते आपल्या बोदवडपर्यंत येऊन पोचलंय. इथून रेल्वेने समुद्र गाठायचा तर साडेचारशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे आणि आपल्या तालुक्याची ओळख पाण्यापेक्षा पाणीटंचाईची. तरी पोरं जाताहेत. कुणी हॉटेल मॅनेजमेंट करून, कुणी किचनमध्ये हेल्पर म्हणून, कुणी केबिन साफ करायला.

मला हे स्वप्न आवडतं, हे आधीच सांगते. 'कशाला जायचं एवढ्या लांब' म्हणणाऱ्या काकांच्या बाजूने मी नाही. पण रील पंधरा सेकंदांचं असतं आणि करार सहा ते नऊ महिन्यांचा. त्या दोन्हींच्या मधे जे असतं, ते कुणी दाखवत नाही. म्हणून या लेखासाठी जळगाव जिल्ह्यातल्या तिघांशी बोलले. एक रेस्टॉरंटमध्ये वेटर, एक किचनमध्ये, एक मुलगी गेस्ट सर्व्हिसच्या डेस्कवर. तिघांनीही नाव छापू नकोस म्हणून सांगितलं. पुढच्या करारावर परत जायचंय ना!

आधी बंदराचा दिवस समजून घेऊ. आपल्याला वाटतं, जहाज बंदराला लागलं की सगळे खाली उतरून फिरायला मोकळे. प्रवाशांचं तसं असतं. क्रूचं नाही. वेटर असाल तर सकाळी सहाला ब्रेकफास्टची ड्युटी सुरू. ती संपून, टेबलं आवरून, कपडे बदलून गँगवेवर पोचेपर्यंत अकरा वाजतात. दुपारी साडेतीन-चारला पुन्हा युनिफॉर्ममध्ये हजर. मधे उरले चार तास, तेही नशीब असेल तर. कारण प्रत्येक बंदरात क्रूपैकी काही जणांना जहाजावर थांबावंच लागतं. आग लागली, काही झालं तर माणसं हवीत. याला 'इन पोर्ट मॅनिंग' म्हणतात, क्रूच्या तोंडी नुसतं 'आयपीएम'. पाळी आली की समोर बार्सिलोना असो नाहीतर नेपल्स, खिडकीतून बघायचं. खिडकी असलेल्या जागी ड्युटी असेल तर! क्रूच्या बहुतेक केबिन खालच्या मजल्यांवर, दोघांत एक आणि बिनखिडकीच्या. ज्या बंदरात जुने प्रवासी उतरून नवे चढतात, त्या दिवशी केबिन साफ करणाऱ्यांना तर मान वर करायला वेळ नसतो.

आठवड्याची सुट्टी? नाही. करार संपेपर्यंत सातही दिवस काम.

याला काही नियम आहे की नाही? आहे. २००६ चा 'मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन' नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारताने तो ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्य केला. त्यात दोन मार्ग दिलेत. एक, कामाचे जास्तीत जास्त तास ठरवायचे : कुठल्याही २४ तासांत १४ आणि सात दिवसांत ७२. दुसरा, विश्रांतीचे कमीत कमी तास ठरवायचे : २४ तासांत १० आणि सात दिवसांत ७७. आता साधं गणित करा. आठवड्याचे तास १६८. त्यातून ७७ वजा केले की राहिले ९१. म्हणजे दुसरा मार्ग धरला तर रोज तेरा तास राबवून घेतलं तरी ते कागदावर नियमात बसतं. घरी फोनवर 'मजेत आहे' म्हणणारा आपला पोरगा किती दमलेला असतो, ते या आकड्यांवरून कळतं.

पण त्याच करारात अजून एक गोष्ट लिहिलेली आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. खलाशांना त्यांच्या तब्येतीसाठी आणि मनाच्या स्वास्थ्यासाठी किनाऱ्यावर जायची सुट्टी, म्हणजे 'शोअर लीव्ह', मिळाली पाहिजे. क्रूझवरचा वेटर आणि सफाई कामगारही या करारात खलाशीच धरला जातो. तर ते चार तास साहेबाने खूश होऊन दिलेलं बक्षीस नाहीत. कामातून वेळ निघाला की ते आपले हक्काचे आहेत.

मग त्या चार तासांत करायचं काय? इथे माझं आणि रीलवाल्यांचं जमत नाही. बहुतेक जण काय करतात, तर पळतात. जहाजाच्या पाटीवर 'रोम' लिहिलेलं असतं, पण जहाज लागतं चिवितावेक्कियाला. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. जायला-यायला मिळून अडीच-तीन तास गेले की कलोसियमसमोर फोटो काढायला एक तास उरतो आणि त्यातही नजर घड्याळावर. फ्लॉरेन्सचं तेच. जहाज थांबतं लिव्होर्नोला आणि फ्लॉरेन्स तिथून नव्वदेक किलोमीटर. ट्रेन चुकली तर जहाज गेलं, जहाज गेलं तर नोकरी गेली. एवढं करून हातात काय? जो फोटो लाखो लोकांकडे आहे, तोच.

मी विचारलं तेव्हा वेटर दादा म्हणाला, 'पहिल्या करारात मी सगळीकडे पळालो. दुसऱ्या करारात बंदरातच फिरायला लागलो. तेव्हा कुठे काहीतरी बघितल्यासारखं वाटलं.' चिवितावेक्किया हे बंदर मुळात रोमन सम्राट ट्राजानने बांधून घेतलं, जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वी. धक्क्यावरच एक दणकट किल्ला उभा आहे. तिथे कट्ट्यावर बसून घरी व्हिडिओ कॉल करणारे भारतीय, फिलिपिनो, इंडोनेशियन पोरंपोरी दिसतात. पायरियसला उतरलं तर अथेन्स मेट्रोच्या अंतरावर. वॅलेटा आणि नेपल्स तर शहराच्या पोटातच. सँटोरिनीला मोठं जहाज धक्क्याला लागतच नाही, पाण्यात उभं राहतं. छोट्या बोटीने किनाऱ्यावर जायचं आणि वर गावात पोचायला सहाशेच्या आसपास पायऱ्या किंवा केबल कार. रीलमध्ये वरची पांढरी घरं दिसतात, पायऱ्या दिसत नाहीत.

नेपल्सबद्दल मुद्दाम सांगते, कारण तिथे आपलं एक माणूस आहे. माणूस म्हणजे मूर्ती. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि पॉम्पेई हे गाव राखेखाली गाडलं गेलं, हे आपण शाळेत शिकलो. त्या राखेतून १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती निघाली. साधारण वीतभर उंचीची. दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. तिला 'पॉम्पेई लक्ष्मी' नाव पडलं. अभ्यासक आता ती लक्ष्मीपेक्षा यक्षी असावी असं मानतात. आणि गंमत पुढे आहे. तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती १९७० च्या दशकातल्या उत्खननात सापडली ती भोकरदनला! अजिंठ्याच्या डोंगरापलीकडचं, आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आतबाहेर असलेलं भोकरदन. पॉम्पेईची मूर्ती भोकरदनलाच घडवली गेली असावी, असं काही अभ्यासकांचं मत आहे. सगळ्यांना ते मान्य नाही, पण दख्खनच्या कारागिरांचा हात त्यात असणं अशक्य मुळीच नाही. कारण त्या काळी पैठण आणि तेरचा माल बैलगाड्यांवरून भडोचला जायचा, तिथून जहाजाने तांबड्या समुद्रात, पुढे इजिप्तमार्गे रोमनांच्या बंदरांत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या नोंदींत हा सगळा रस्ता लिहून ठेवलाय.

ती मूर्ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. जहाजाच्या धक्क्यापासून पायी अर्ध्या तासाच्या आसपास. मंगळवारी संग्रहालय बंद असतं, तेवढं ध्यानात ठेवा. मी ज्यांच्याशी बोलले त्यातल्या कुणालाही ही मूर्ती माहीत नव्हती. किचनमधला दादा तर म्हणाला, 'नेपल्सला मी दहा-बारा वेळा उतरलो असेन. पिझ्झा खाऊन परत. कुणी सांगितलं असतं तर गेलो असतो ना!' त्याचा काय दोष? त्याला सांगणारं कुणी नव्हतं.

मार्सेलिसचंही तसंच. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने 'मार्सेलिसची उडी' ऐकलेली असते. ८ जुलै १९१० ला 'मोरिया' जहाजाच्या गवाक्षातून सावरकरांनी समुद्रात उडी घेतली ती याच बंदरात. ते पोहत किनाऱ्यावर पोचले, पण फ्रेंच भूमीवर पकडून त्यांना परत ब्रिटिशांच्या हवाली केलं गेलं. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेलं आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. सावरकरांबद्दल तुमचं मत काहीही असो, एका मराठी माणसाने ज्या धक्क्यावर आश्रय मिळेल म्हणून जीव पाण्यात टाकला, तो धक्का बघताना नुसता सेल्फी काढून निघून यावंसं वाटणार नाही. चारच वर्षांनी, सप्टेंबर १९१४ मध्ये, पहिल्या महायुद्धासाठी भारतीय सैन्य याच शहरात उतरलं. तिथल्या माझार्ग स्मशानभूमीत भारतीय सैनिकांचं स्मारक आहे.

आणि आपला कापूस? १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना खान्देश-वऱ्हाड आठवलं. त्याच दशकात रेल्वे भुसावळहून पुढे सरकत १८६७ ला नागपूरला पोचली, म्हणजे आपल्या बोदवड स्टेशनवरून जाणारी तीच लाइन. १८६९ ला सुएझ कालवा उघडला आणि आफ्रिकेला वळसा घालण्याची गरज संपली. मुंबईहून युरोपला जाणाऱ्या गाठी भूमध्य समुद्रातून जाऊ लागल्या. आपल्या भागातला माल त्या पाण्याला दीडशे वर्षं ओळखतो. माणसं मात्र आता कुठे निघालीत. म्हणूनच त्यांनी नीट, पूर्ण माहिती घेऊन जावं असं मला वाटतं.

आता खरी अडचण. या स्वप्नाच्या दारात एजंट उभा आहे. आपल्या भागात क्रूझच्या नोकरीची 'माहिती' देणारा माणूस बहुतेक वेळा कुणाच्या तरी ओळखीचाच असतो. 'दोन-अडीच लाख लागतील, तीन महिन्यांत जॉइनिंग.' घरचे सोनं गहाण ठेवतात, सोसायटीचं कर्ज उचलतात. माझ्या माहितीतल्या एका घराने पैसे देऊन वर्ष झालं. जॉइनिंग नाही, पैसे नाहीत आणि फोनही उचलला जात नाही. तक्रार करायची कुठे हे माहीत नाही आणि 'गावात हसू होईल' म्हणून कुणी बोलतही नाही.

तर नियम काय म्हणतो ते ठळक लिहिते. भारतातून जहाजावर माणसं पाठवणाऱ्या एजन्सीकडे केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावाच लागतो. त्याला 'आरपीएसएल' म्हणतात. परवाना असलेल्या एजन्सींची यादी महासंचालनालयाच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येते. आणि नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घ्यायला बंदी आहे. पासपोर्ट, मेडिकल, खलाशाचं पुस्तक म्हणजे 'सीडीसी' आणि प्रशिक्षणाची फी, हे खर्च आपले. व्हिसाचा खर्च वरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजमालकाचा. करार संपल्यावर घरी परत आणण्याचा खर्चही त्याचाच. प्रशिक्षण म्हणजे पाण्यात जीव कसा वाचवायचा, आग कशी विझवायची, प्रथमोपचार, जहाजावरची सुरक्षा असे छोटे कोर्स असतात, तेही मान्यताप्राप्त संस्थेतूनच केलेले चालतात. 'प्लेसमेंट चार्ज', 'कंपनीची डिपॉझिट', 'आतल्या माणसाचं' असं काही कुणी मागितलं तर तिथेच उठायचं. ओळखीचा असला तरी. ओळखीचा असेल तर आधी उठायचं!

हे वाक्य जिल्ह्यातल्या प्रत्येक हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजच्या नोटीस बोर्डावर का नसावं? वर्षातून एकदा करारावर जाऊन आलेल्या मुलामुलींना बोलावून दोन तास बोलू दिलं तर कॉलेजचा काय खर्च होणार आहे? रोजगार मेळावे भरतात, फोटो छापून येतात. तिथे एक टेबल 'एजन्सीचा परवाना इथे तपासा' असं लावता येणार नाही का? बातमीदारी शिकताना मला एक गोष्ट कळली. फसवणुकीची बातमी पैसे गेल्यावर येते. त्याआधी यायला हवी ती माहिती.

घरच्यांशीही थोडं बोलायचंय. लग्नाच्या बायोडेटात क्रूझवरचा मुलगा 'मर्चंट नेव्ही'त असतो. वेटर म्हणायची लाज वाटते. आपल्याकडे पंगतीत वाढणाऱ्याला आग्रहाने 'अजून एक पुरी वाढा' म्हणतो आणि तेच काम पगारावर केलं की 'एवढं शिकून वाढपी झाला का?' म्हणतो. ही लाज एजंटच्या फायद्याची आहे. कारण घरात कामाचं खरं नावच घेतलं जात नसेल तर कामाचे तास, पगार, करार यावर चर्चा कशी होणार? करार इंग्रजीत असतो. तो मागून घ्या, दोन दिवस घरी ठेवा, ज्याला कळतो त्याच्याकडून वाचून घ्या. जो वाचायला वेळ देत नाही, त्याच्याकडे काहीतरी लपवण्यासारखं आहे.

धोका नाही का? आहे. १३ जानेवारी २०१२ ला 'कोस्ता कॉन्कॉर्डिया' हे जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळून कलंडलं. ३२ जण गेले. त्यात वसई-नायगावचा रसेल रिबेलो होता. वेटर. त्या रात्री तो प्रवाशांना बाहेर पडायला मदत करत होता, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्याचे अवशेष सापडायला नोव्हेंबर २०१४ उजाडला. जवळपास तीन वर्षं त्याचा भाऊ त्याच्यासाठी खेटे घालत राहिला. हे घाबरवायला लिहीत नाहीये. आपल्या पोरांकडे 'फिरायला गेलाय' म्हणून बघणं थांबवा, एवढंच म्हणायचंय. तो कामावर गेलाय आणि संकट आलं तर दुसऱ्यांना आधी बाहेर काढणं हेही त्याच्या कामातच येतं.

मुलींचं काय? गेस्ट सर्व्हिसवाल्या ताईला मी विचारलं, तुला सगळ्यात काय आवडलं? मला वाटलं ती एखाद्या राजवाड्याचं नाव घेईल. ती म्हणाली, 'पालेर्मोच्या बाजारात मी एकटी दोन तास फिरले. भाज्या बघितल्या. वांगी बघितली, आपल्या भरताच्या वांग्यापेक्षाही मोठी! कुणी विचारलं नाही की कुणाची पोरगी, एकटी का फिरतेस.' तिला आईच्या हातच्या भरीत-भाकरीची आठवण आली आणि तिथेच रडूही आलं, असंही तिने सांगितलं. दोन्ही गोष्टी एकाच दुपारच्या. जहाजावर मुलींना त्रास होतच नाही असा दावा तीही करत नाही. तक्रार कुणाकडे करायची हे पहिल्याच दिवशी विचारून, लिहून ठेवायचं, हा तिचा सल्ला. पण 'मुलीला जहाजावर कशाला' हा प्रश्न विचारणाऱ्यांनी त्या दोन तासांची किंमत एकदा मोजून बघावी.

घाई करायला अजून एक कारण आहे. ही बंदरं आता गर्दीला कंटाळलीत. इटलीने ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिस शहराच्या मधल्या कालव्यातून जायला बंदी केली. सँटोरिनी आणि मिकोनोसला ऐन हंगामात उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशावर ग्रीसने २०२५ पासून वीस युरो कर लावला. बार्सिलोनाने क्रूझ टर्मिनल सातावरून पाचावर आणायचं ठरवलंय. तिथल्या लोकांचं चुकत नाही. आपल्या गावात रोज दहा हजार पाहुणे उतरले तर आपणही वैतागू. उद्या जहाजं दुसरीकडे वळतील. कदाचित आपल्याकडेही जास्त येतील, मुंबईत बॅलार्ड पिअरला नवं क्रूझ टर्मिनल उभं राहिलंच आहे. तेव्हा समुद्रावर काम केलेल्या मुलामुलींचा अनुभव इथेच लागेल. तो अनुभव पळत काढलेल्या फोटोंचा नको, नीट बघितलेल्या शहरांचा आणि नीट वाचलेल्या कराराचा हवा.

म्हणून जायचं असेल तर जा. परवाना तपासून जा, कुणाला पैसे न चारता जा, करार वाचून जा. आणि नेपल्सला उतरलात, आयपीएम नसेल आणि मंगळवार नसेल, तर पिझ्झा पार्सल घ्या आणि आधी त्या वीतभर मूर्तीला भेटून या. परत आल्यावर कॉलेजमध्ये ज्युनिअर्सना सांगा. एजंटचं नाव तुम्हाला सांगायची गरजच पडू नये.